गॉडझिला पुन्हापुन्हा का कलंडतो? खुब्याला हात लावण्याआधी हे तपासा

"फिगर सुरेख आहे, पण उभीच राहत नाही." जपानी चित्रपटांतला महाकाय प्राणी गॉडझिला, त्याच्या सांधे वळवता येणाऱ्या फिगरबद्दल सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. बॉक्समधून काढल्यावर काही दिवस तो ऐटीत उभा असतो, मग पुढे झुकायला लागतो आणि एका सकाळी शेल्फवर तोंडघशी पडलेला सापडतो. पाठीवरच्या एखाद्या पात्याचं टोक मोडलेलं असतं. मग खुब्याच्या सांध्यात फेव्हिक्विकचा थेंब जातो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

झुकलेली दिसते ती कंबर, म्हणून सगळे खुबा धरतात. पण कंबर झुकण्याची कारणं बहुतेक वेळा खाली असतात: तळवा जमिनीला नीट टेकलेला नसतो, घोटा अर्धवट वळलेला असतो किंवा शेपटी मागून ढकलत असते. म्हणून तपासणी जमिनीपासून वर करत जायची आणि खुबा सर्वात शेवटी पाहायचा. शिवाय गोंदाची बाटली उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: सांधा घसरतोय की प्लॅस्टिक वाकतंय? हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर फिगर बरी होत नाहीच, वर तिची किंमत कायमची उतरते.

मी मुख्यतः बंडाई या जपानी खेळणी कंपनीच्या एस.एच. मॉन्स्टरआर्ट्स मालिकेबद्दल लिहितोय. 2011 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतले गॉडझिला साधारण 15-16 सेंटीमीटर उंच असतात, जबड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सांधे असतात आणि बॉक्सवर साहित्य म्हणून पीव्हीसी आणि एबीएस अशी दोन प्लॅस्टिकची नावं छापलेली असतात. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे. नेका आणि हिया टॉइज या कंपन्यांच्या गॉडझिलांनाही हीच तपासणी चालते. बंडाईचीच मूव्ही मॉन्स्टर सिरीज मात्र मऊ, पोकळ व्हिनाइलची आणि मोजक्या सांध्यांची. ती कलली तर उष्णतेने कलली असं समजा आणि थेट गरम पाण्याच्या भागाकडे जा.

कोणत्या सालचा गॉडझिला?

हा प्रश्न शौकापोटी विचारत नाही. चित्रपटातला प्राणी जसा उभा राहतो तशीच फिगर घडवलेली असते आणि तोल त्यावरच ठरतो.

1954 च्या पहिल्या चित्रपटात गॉडझिलाच्या रबरी सूटमध्ये हारुओ नाकाजिमा हा नट होता. आत माणूस, म्हणून पाय सरळ धडाखाली आणि शेपटी जमिनीवर ओढत नेलेली. ती हलवायची असली की वरून तारा ओढत. त्या चित्रपटावरच्या फिगरमध्ये दोन पाय आणि शेपटी मिळून तिवई तयार होते. अशी फिगर पडत असेल तर काहीतरी नक्की बिघडलेलं आहे. 1990च्या दशकातल्या चित्रपटांवर बेतलेले गॉडझिला मांडीला आणि कंबरेला आणखी रुंद आहेत, तेही सहसा भक्कम उभे राहतात.

2016 चा शिन गॉडझिला वेगळ्या जातीचा आहे. चित्रपटात त्याची उंची 118.5 मीटर, शेपटी अतिशय लांब आणि जाड, आणि ती जमिनीला न टेकता हवेत उचललेली. त्याच्या हालचाली संगणकासाठी क्योगेन या जपानी पारंपरिक नाट्यातले नट मान्साई नोमुरा यांनी केल्या, त्यामुळे सूटची आणि आतल्या माणसाची बंधनं तिथे नव्हतीच. पडद्यावर हे भव्य दिसतं. प्लॅस्टिकमध्ये मात्र एवढी शेपटी मागे हवेत लोंबते आणि तिचा सगळा भार खुब्यावर आणि घोट्यावर येतो. शिन गॉडझिलाची शेपटी पूर्ण उचलून, आधाराशिवाय, महिनोन्महिने ठेवणार असाल तर तो झुकणारच. याला उत्पादनातला दोष मानून मी फिगरचे गुण कापत नाही. आधाराची दांडी लावतो आणि पुढे जातो.

2023 च्या 'गॉडझिला मायनस वन'मधला गॉडझिला परत 50.1 मीटरवर, म्हणजे जवळपास पहिल्या चित्रपटाच्या उंचीवर आलेला. लहान डोकं, अवजड मांड्या, पाठीवर मोठाली पाती. त्याची पाती वजनाला मागे असतात, म्हणून तो पुढे पडण्यापेक्षा मागे बसण्याकडे जास्त कलतो. शेपटीचा बुंधा नीट टेकवला की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

गॉडझिलाचा तीन डोक्यांचा शत्रू किंग गिडोरा, त्याचा प्रश्न पंखांचा. पसरलेले पंख म्हणजे खांद्यावर लांब तरफ, आणि त्यांना सोबत आलेला किंवा वेगळा विकत घेतलेला आधार लावण्याला पर्याय नाही. त्यावर वेळ घालवू नका.

कागदाची पट्टी

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच उलगडतात.

फिगर काचेवर ठेवा. लाकडी फळी चालणार नाही, ती डोळ्याला सपाट दिसली तरी अनेकदा नसते. पाय नैसर्गिक अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, शेपटी टेकलेली. आता साध्या झेरॉक्स कागदाची बोटाएवढी रुंद पट्टी कापा आणि ती हलकेच, ढकलाढकली न करता, आधी चवड्याखाली, मग टाचेखाली, मग तळव्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेखाली, शेवटी शेपटीच्या प्रत्येक टेकलेल्या तुकड्याखाली सरकवून बघा. जिथे पट्टी अडते तिथे फिगरचा भार आहे. जिथे ती सुळकन आत जाते तिथे फिगर हवेत आहे, डोळ्याला कितीही टेकलेली दिसो.

दोन्ही टाचांखाली पट्टी जातेय आणि चवड्याखाली घट्ट अडतेय, असं झालं तर खुब्याकडे पाहू नका. शेपटीखाली एक बोट घालून ती केसभर वर उचला. टाचा खाली बसल्या? मग गुन्हेगार शेपटी आहे. शेपटीचे मधले तुकडे खाली दाबून ठेवले की टोक जमिनीला रेटतं, मागचा भाग वर उचलला जातो आणि संपूर्ण धड चवड्यांवर येतं. अशी फिगर पहिले काही दिवस उभी राहते, कारण नवे सांधे घट्ट असतात. पण ती सतत पुढे ढकलली जात असते आणि सर्वात कमजोर सांधा एक दिवस हार मानतो. तो बहुतेक वेळा घोटा असतो. यावर उपाय फुकट आहे: शेपटीचा बुंध्याजवळचा सांधा किंचित वर, त्याच्या मागचा किंचित खाली, असं करत शेपटी लांबट, उथळ वळणात जमिनीवर आणायची. टोकाने रेटू द्यायचं नाही, पोटाने टेकू द्यायचं.

एकाच टाचेखाली पट्टी गेली तर त्या पायाचा घोटा बघा. दोन्ही तळवे फक्त आतल्या कडेवर उभे असतील तर पाय गरजेपेक्षा जास्त फाकवलेत. या प्राण्यांच्या घोट्याभोवती कातडीच्या जाड घड्या कोरलेल्या असतात, त्या घोट्याला बाजूला फार वळू देत नाहीत. फोटोत रुंद पवित्रा छान दिसतो, पण घोटा जेवढा वळतो तेवढेच पाय फाकवा. घोटा जबरदस्तीने वळवताना पेगवर, म्हणजे सांध्यातल्या खुंटीवर, पांढुरकी रेघ दिसली तर तिथेच थांबा. प्लॅस्टिक ताणलं गेलंय, पुढची पायरी तुटण्याची.

रेघेची चाचणी

पट्टी सगळीकडे नीट अडतेय, शेपटीही निर्दोष, तरी फिगर हळूहळू झुकते. मग हे करा.

रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती मास्किंग टेप घ्या. संशय असलेल्या सांध्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन छोटे तुकडे लावा. सांध्यावरून एकच तुकडा लावायचा नाही, तो सांध्याला धरून ठेवेल आणि चाचणीच फसेल. दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एक सरळ पेन्सिलची रेघ ओढा. फिगरच्या मागे गुण्या उभा करा आणि बाजूने फोटो काढा. फिगर तिच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या पवित्र्यात ठेवून द्या आणि ती झुकलेली दिसली की पुन्हा त्याच जागेवरून फोटो घ्या.

रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर सांधा घसरतोय. फिगर झुकली आहे पण रेघ अखंड आहे, तर सांधा जिथल्या तिथे आहे आणि पायाचं प्लॅस्टिकच वाकलंय. दोन्ही थोडं थोडं दिसलं तर आधी वाकण्याचा इलाज करा, कारण वाकलेल्या पायामुळे सांध्यावर तिरका भार येतो आणि तो सरळ केल्यावर घसरणं आपोआप थांबू शकतं.

किंमत ठरवताना हा फरक मोठा आहे. घसरणारा सांधा दुरुस्त होतो आणि दुरुस्त राहतो. वाकणारं प्लॅस्टिक सरळ होतं, पण त्याचा स्वभाव बदलत नाही.

प्लॅस्टिक वाकलं असेल तर

पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणा आणणारी रसायनं, म्हणजे प्लॅस्टिसायझर, घालून कातडीसारखं कोरीव काम जमेल इतपत ते नरम केलेलं असतं. असं नरम पीव्हीसी सतत भाराखाली राहिलं की हळूहळू कायमचा आकार बदलतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं लवकर. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे पारा 45 च्या आसपास जातो. पश्चिमेच्या खिडकीसमोरचं बंद काचेचं कपाट आतून त्याहून तापतं, त्यात वर दिवे लावलेले असले तर बघायलाच नको. पुण्यात हिवाळाभर ताठ उभी असलेली फिगर उन्हाळ्यात गुडघ्याखाली वाकते ती यामुळे.

इलाज गरम पाण्याचा. पाणी उकळवा, गॅस बंद करा आणि ते साधारण 70 अंशांपर्यंत उतरू द्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असला तर उत्तम. उकळत्या पाण्यात बुडवू नका. वाकलेला पाय तेवढाच अर्धा-एक मिनिट बुडवायचा. पीव्हीसीला साच्यातला मूळ आकार आठवत असतो, कधीकधी पाय पाण्यातच सरळ होऊ लागतो, आणि ते बघायला मला आजही फार आवडतं. नाहीच झाला तर बोटांनी हलकेच सरळ करा, थोडा उलट दिशेला जास्त घ्या, आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात बुडवा. आतपर्यंत गार होईस्तोवर सोडायचा नाही, इथे घाई केली की अर्ध्या तासात मूळ पदावर.

एबीएस या तापमानाला नरम होत नाही. त्यामुळे सांध्यातला पेग, जो अनेकदा एबीएसचा असतो, तो गरम पाण्यातून काढून सरळ करायला गेलात तर मोडेल. तसंच आत दिवा किंवा आवाजाची यंत्रणा असलेली फिगर पाण्यात घालायची नाही, तिच्यासाठी हेअर ड्रायर वापरा, तोही हातभर लांबून. पाण्यातून काढलेली फिगर झटकून, सांधे उघडे ठेवून, पंख्याखाली पूर्ण वाळवा.

आणि हे झाल्यावर भार बदला, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत हेच करावं लागेल. पुढे झेपावलेला पवित्रा मोडून धड पायांवर आणा, शेपटीला काम द्या, कपाट खिडकीपासून हलवा. बंडाईच्याच तामाशी स्टेज या स्टँडची पारदर्शक दांडी शेपटीच्या बुंध्याखाली किंवा कंबरेखाली दिली की चित्र बिघडत नाही. ॲक्रेलिकचा छोटा ठोकळाही चालतो. खोडरबर किंवा थर्माकोल मात्र आधाराला कधीच ठेवू नका, कारण खाली चिकटपणाच्या भागात येतंय.

सांधा घसरत असेल तर

आधी स्वच्छता. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलकट लेपाचा अंश सांध्यात राहतो आणि नवीकोरी फिगर सैल असण्याचं ते एक साधं कारण आहे. हेअर ड्रायरने खोबण कोमट करा, भाग सरळ रेषेत बाहेर ओढा, पिळू नका. बॉल (सांध्याचं गोल टोक) आणि ते जिथे बसतं ती खोबण, दोन्ही भांडी घासायच्या सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, वाळवा, परत बसवा. एवढ्यानेच घट्टपणा आला तर पुढे काही लावू नका.

नसेल आला तर बॉलची जाडी केसभर वाढवायची आहे. यासाठी माझी पसंती चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या, पाण्यावर आधारित ॲक्रेलिक ग्लॉस व्हार्निशला. बॉलवर एक पातळ हात, रात्रभर वाळवायचं, मग बसवायचं. सैल वाटला तर दुसरा हात. जाड थर एकदम दिला तर तो सोलून निघतो. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेपही पेगभोवती एक वेढा देऊन तात्पुरती चालते आणि हवी तेव्हा काढता येते, म्हणून विकायच्या फिगरला तीच बरी.

फेव्हिक्विकबद्दल माझं मत पक्कं आहे: सांध्यात नको. सायनोॲक्रिलेट गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो, चुकून ओला राहिला तर सांधा कायमचा बसतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धुकट थर येतो. गॉडझिलाच्या काळपट राखाडी रंगावर तो थर लपत नाही. अनुभवी लोक बॉल बाहेर काढून, पातळ थर देऊन, पूर्ण वाळवून मगच बसवतात आणि त्यांचं काम होतं, हे खरं. पण सांधा न उघडता फटीत थेंब सोडणं म्हणजे पाय जायबंदी करणं. बॉलवर नेलपॉलिशही नको: त्यातली द्रावणं एबीएस खराब करतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर एबीएस विरघळवतो. ती बाटली टेबलावरसुद्धा आणू नका.

सांधा उघडतच नसेल तर ओढाताण करू नका. टूथपिकच्या टोकाने व्हार्निश फटीत सोडा आणि ते वाळेपर्यंत सांधा अधूनमधून हलवत राहा. काम सावकाश होतं, पण धोका कमी.

उलट तक्रार: सांधा हलतच नाही

नेकाच्या फिगरमध्ये ही जास्त दिसते. रंग सांध्यात जाऊन वाळलेला असतो आणि नवा पेग त्यात अडकलेला असतो. पहिल्यांदा हलवण्याआधी गरम पाणी किंवा ड्रायर, मग दोन्ही बाजूंना अगदी थोडं थोडं. सांधा सुटल्याचं बोटांना स्पष्ट कळतं. फिरवताना पेग मधूनच वळतोय असं जाणवलं, म्हणजे वरचा भाग फिरतोय आणि खालचा अडलेला आहे, तर लगेच सोडा आणि पुन्हा गरम करा. वंगण लावायचंच तर शुद्ध सिलिकॉन तेल, थेंबभर. शिलाई मशीनचं तेल आणि गंजावर मारायचे स्प्रे खनिज तेलाचे असतात, ताणाखाली असलेल्या एबीएसला त्यांनी तडे जाऊ शकतात.

चिकटपणा

अंगाला हात लावल्यावर फिगर चिकट लागते, धूळ पुसली जात नाही, सांधे चिकटून बसतात. पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर पृष्ठभागावर येतंय. कंपासपेटीत प्लॅस्टिकच्या पट्टीला खोडरबर चिकटून बसायचं आणि सोडवल्यावर पट्टीवर खड्डा दिसायचा, तो हाच प्रकार. म्हणून आधाराला खोडरबर नको, आणि थर्माकोल तर त्याहून नको, कारण थर्माकोल पॉलिस्टायरिनचा असतो आणि प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरिनला खातं. थर्माकोलवर ठेवलेले पाय त्यात रुततात आणि तळव्यांवर पांढरा चिकटा राहतो.

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, नीट वाळवणं, एवढंच करायचं. टाल्कम पावडरने चिकटपणा झाकला जातो आणि कोरीव रेषांमध्ये पांढरं भरून बसतं. बंद बॉक्समध्ये, उकाड्यात, हवा न खेळता ठेवलेल्या फिगरमध्ये हे जास्त होतं. मुंबई-कोकणातल्या दमट उकाड्यात सीलबंद बॉक्स म्हणजे फिगर सुरक्षित, हा समज सोडून द्यावा. अधूनमधून बॉक्स उघडून वारा द्या. चिकटपणा एकदा धुऊन गेला तरी काही महिन्यांनी परत येऊ शकतो. म्हणून वापरलेली फिगर घेताना विक्रेत्याने नुकतीच धुतलेली आहे का, हे मी आवर्जून विचारतो.

विकत घेताना

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. बाहेरून मागवलेली फिगर परत पाठवणं त्यामुळे परवडत नाही. जे तपासायचं ते पैसे देण्याआधी, फोटोंवरून.

विक्रेत्याकडे हे मागा: आधाराशिवाय उभ्या फिगरचा अगदी बाजूने काढलेला फोटो, दोन्ही तळव्यांचा फोटो, शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो, आणि प्रत्येक पाय एकदा पुढे-मागे हलवतानाचा छोटा व्हिडिओ. बाजूचा फोटो देण्याचं कुणी टाळत असेल तर फिगर झुकते असं समजून भाव करा. व्हिडिओत पाय हलवताना हात सोडल्यावर तो आपल्या वजनाने खाली येतो का, तेवढंच पाहायचं. येत असेल तर सांधा सैल आहे. याने किंमत थोडी उतरते, व्यवहार मोडायचं कारण नाही. घोट्याच्या किंवा खुब्याच्या पेगवर पांढऱ्या ताणरेषा दिसल्या तर मात्र मी मागे फिरतो.

जपानी दुकानांची प्रतवारी नीट वाचा. आमीआमीसारख्या दुकानात वापरलेल्या वस्तूची आणि बॉक्सची प्रत वेगवेगळी दिलेली असते. वस्तू 'ए वजा' आणि बॉक्स 'बी' असेल तर बॉक्स दबलेला आहे, फिगर चांगली असू शकते. पण त्या अक्षरावरून सांध्यांची अवस्था कळतेच असं नाही, म्हणून खालची टीप आणि फोटो दोन्ही बघा. मला विचाराल तर चांगल्या सांध्यांची फिगर आणि दबलेला बॉक्स हा सर्वात शहाणा सौदा.

नकला भरपूर आहेत, विशेषतः अमेरिकन चित्रपटांवरच्या गॉडझिलांच्या. नकली फिगरचे दात एकेक न रंगवता एका पांढऱ्या पट्ट्यात ओढलेले असतात, अंगाला तेलकट चकाकी असते, बॉक्स उघडताच द्रावणाचा उग्र वास येतो, आणि तळव्यावर किंवा शेपटीखाली कोरलेला तोहो या गॉडझिलाच्या चित्रपट कंपनीच्या हक्काचा मजकूर पुसट किंवा गायब असतो. त्यातले सांधे पहिल्या दिवसापासून सैल असतात आणि वर सांगितलेल्या इलाजांनी फारसे सुधारत नाहीत, कारण बॉल आणि खोबण मुळातच एकमेकांच्या मापाचे नसतात. "मूळ साच्यातली, फक्त बॉक्स नाही" या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

शेवटी तुटलेला पेग. यावर वरून गोंद लावण्यात अर्थ नाही, जोड पहिल्या वळणाला सुटतो. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही तुटक्या टोकांच्या मधोमध एक मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात पितळी तारेचा तुकडा बसवा आणि दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने जोडा. पूर्ण एक दिवस हलवू नका. नीट केलेलं हे काम वर्षानुवर्षं टिकतं. अशी फिगर पुढे विकताना तारेच्या जोडाचा फोटो यादीत पहिला लावा आणि भाव त्याप्रमाणे ठेवा. घेणाऱ्याने तो पाय गरम पाण्यात घालण्याआधी त्याला हे माहीत असलं पाहिजे.